कुंडलच्या माळावरील कारखाना
(लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचे चरित्र)

उदयनगर आणि बागलीकडील शिवारात विहिरीवर किंवा नाल्याकाठी बसविलेला पंप आज कोणाला नवलाची वस्तू वाटत नाही. कळ दाबली की पाणी पाटाला लागते, आणि गव्हा-हरभऱ्याची रब्बी उभी राहते. पंपाच्या लोखंडी अंगावर कोणाचे नाव कोरलेले आहे, इकडे शेतकऱ्याचे लक्ष बहुधा तो पंप बिघडल्यावरच जाते. अशा अनेक पंपांवर आढळणारे किर्लोस्कर हे नाव आपल्या देवास जिल्ह्याला तर विशेष परिचयाचे आहे, कारण देवास शहरात किर्लोस्कर ब्रदर्स यांचा पंपांचा कारखाना आहे आणि त्यावर कित्येक कुटुंबांची उपजीविका चालत आली आहे. परंतु हे नाव लोखंडावर उमटले ते येथून शेकडो मैल दूर, दक्षिण महाराष्ट्रातील एका उजाड माळावर. ते ज्यांनी उमटविले त्या लक्ष्मणराव किर्लोस्करांचे चरित्र यंत्रांचे जेवढे आहे, तेवढेच माणसांकडून काम कसे करून घ्यावे याचेही आहे. आजच्या काळात यास व्यवस्थापन असे भारदस्त नाव मिळाले असून ते शिकविणारी महाविद्यालये गावोगाव निघाली आहेत. लक्ष्मणरावांनी मात्र असे कोणतेही शिक्षण घेतले नव्हते.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. मराठी रंगभूमीवर संगीत शाकुंतल आणणारे अण्णासाहेब किर्लोस्कर हेही याच गावचे. वडील काशिनाथपंत हे वेदान्ताचे व्यासंगी होते. अशा घरातील मुलाने पोथ्या वाचाव्यात, निदान इंग्रजी शिकून सरकारी कचेरीत चिकटावे, अशीच कोणाचीही अपेक्षा असणार. लक्ष्मणाचे चित्त मात्र शाळेच्या पुस्तकात रमेना. चित्रे काढणे आणि यंत्राच्या वस्तू उलगडून पाहणे या दोनच गोष्टींत त्याला गोडी. वडिलांना हे पसंत पडले नाही, पण थोरले बंधू रामचंद्र, ज्यांना सर्वजण रामूअण्णा म्हणत, ते पाठीशी उभे राहिले. त्यांच्या आधाराने १८८५ साली सोळा वर्षांचा लक्ष्मण मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाला.

तेथे दोन वर्षे जातात न जातात तोच एक विचित्र संकट ओढवले. आपल्याला काही रंगांतील भेद नीट ओळखू येत नाहीत, हे त्यांच्या ध्यानात आले. चित्रकार होऊ पाहणाऱ्यास रंगांधत्व असावे, यापरते दुर्दैव कोणते! दुसरा एखादा घरी परतला असता. लक्ष्मणरावांनी रंग सोडले, पण रेषा सोडली नाही. यंत्राच्या आराखड्यास रंग लागत नाहीत. त्यास लागते ते अचूक माप, सरळ रेघ आणि न दिसणारी बाजू मनाने पाहण्याची शक्ती. ते यांत्रिक आरेखनाच्या अभ्यासाकडे वळले आणि त्याच बळावर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्या विषयाचे साहाय्यक शिक्षक झाले.

नोकरी आरेखन शिकविण्याची होती. ती आटोपली की हा शिक्षक घरी न जाता संस्थेच्या कर्मशाळेत जाई आणि लेथ कसा चालतो, लोखंड कसे कातले जाते, भट्टी कशी पेटते हे स्वतः हात काळे करून शिकत असे. कागदावर रेघ ओढणारा आणि लोखंडावर कानस मारणारा हे त्या काळी दोन निराळ्या जातींचे लोक समजले जात. हे दोन्ही हात एकाच माणसाला लाभले, आणि पुढील सर्व इतिहासाचे बीज येथेच आहे असे मला वाटते. ज्या मालकाला कामगाराचे काम स्वतः करता येते, त्याची फसवणूक होणे कठीण असते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कामगाराची खरी अडचण त्याला सांगावी लागत नाही.

याच सुमारास मुंबईच्या रस्त्यांवर सायकल दिसू लागली होती. १८८८ साली लक्ष्मणरावांनी आणि रामूअण्णांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले आणि त्यावर किर्लोस्कर ब्रदर्स ही पाटी लावली. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली धाडीत. रामूअण्णा त्या विकीत, आणि घेणाऱ्यास त्यावर बसावयासही शिकवीत. ज्यास वस्तू विकली त्यास ती वापरता येईपर्यंत आपले काम संपले नाही, ही समज त्या लहानशा दुकानात दिसते. पुढे नांगर विकताना हीच समज कामास आली.

मुंबईतील नोकरी बरी चालली होती. तथापि बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यात आली. परराज्यात अशा गोष्टी नित्य घडत आणि लोक त्या मुकाट्याने गिळीत. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावास निघून आले. या अपमानाची त्यांनी कोठे जाहीर वाच्यता करीत बसल्याचे दिसत नाही. परंतु त्यांनी पुढे ज्या प्रकारे माणसे निवडली व वाढविली ती पाहता, ज्यास काम येते त्यास त्याची जात, पदवी किंवा कातडीचा रंग पाहून मागे ठेवणे म्हणजे काय, याचा चटका त्यांच्या मनात कायम राहिला असावा.

बेळगावात त्यांनी प्रथम कडबा कापण्याचे यंत्र तयार केले. अखंड कडबा जनावरांपुढे टाकला तर निम्मा पायाखाली जातो. तो बारीक कापून घातला तर तेवढ्याच वैरणीत जास्त दिवस निघतात. दुष्काळी मुलुखातील शेतकऱ्याला याचा हिशेब सांगावा लागत नाही. यानंतर लक्ष्मणरावांनी लोखंडी नांगर करावयास घेतला, आणि येथे त्यांची खरी कसोटी लागली.

आपल्याकडील जुना लाकडी नांगर जमीन चिरतो, पण माती उलटवीत नाही. त्यामुळे हरळी आणि कुंदा यांची मुळे खोल तशीच राहतात, आणि पावसाळा आला की पुन्हा वर येतात. लोखंडी नांगराचा फाळ खोल जातो आणि त्यामागील वाकवलेला भाग कापलेले ढेकूळ पालथे पाडतो. मुळे उन्हात उघडी पडून वाळतात. हा फायदा डोळ्यांना दिसण्यासारखा होता. परंतु लोखंडामुळे जमिनीत विष भिनते आणि ती नापीक होते, असा समज शेतकऱ्यांत दृढ होता. नांगर तयार झाले आणि पडून राहिले. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली.

या दोन वर्षांचा विचार करावा. माल तयार आहे, त्यात पैसा अडकला आहे, कामगारांचा पगार महिन्याच्या महिन्याला द्यावयाचा आहे, आणि गिऱ्हाईक दारातून आत पाऊल टाकीत नाही. शेतकऱ्याला अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे होते, आणि शहरातील पुष्कळांनी तसेच म्हटले असते. पण शेतकऱ्याचीही एक बाजू होती. त्याच्यापाशी एकच जमीन आणि वर्षाला एकच पावसाळा. नवा प्रयोग फसला तर त्याची मुले वर्षभर उपाशी राहणार. अशा माणसाचा विश्वास जाहिरातीने मिळत नाही. तो वस्तूने मिळवावा लागतो, आणि ती वस्तू एकदाही दगा देऊन चालत नाही. किर्लोस्करांचा नांगर पुढे महाराष्ट्रात घरोघर गेला त्याचे रहस्य या दोन वर्षांच्या धीरात आहे.

धंद्याचा जरा कोठे जम बसतो आहे तोच बेळगावच्या नगरपालिकेच्या कारभारापायी कारखाना तेथे ठेवणे अशक्य होऊन बसले. दुसरी जागा पाहिजे, आणि ती घेण्यास पैसा पाहिजे. या अडचणीच्या वेळी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीस धावले. बाळासाहेब स्वतः चित्रकार, सूर्यनमस्काराचे पुरस्कर्ते आणि गुणांची पारख असणारे राजे. औंधच्या यमाई देवीच्या मंदिरातील बांधकामाच्या निमित्ताने लक्ष्मणरावांच्या हातचे काम त्यांनी पाहिले होते. त्यांनी दहा हजार रुपये कर्जाऊ दिले आणि संस्थानात हवी ती जागा निवडण्यास सांगितले.

लक्ष्मणरावांनी पुणे–मिरज लोहमार्गावरील कुंडल रोड या लहानशा स्टेशनाजवळचा बत्तीस एकरांचा माळ निवडला. हा भाग आज सांगली जिल्ह्यात आहे. रेल्वे जवळ, एवढाच त्या जागेचा गुण. बाकी निवडुंगाची दाट बने, दगड, आणि निवडुंगात नाग. पाण्याची ददात. १९१० च्या मार्च महिन्यात लक्ष्मणराव, त्यांचे कुटुंबीय आणि सुमारे पंचवीस कामगार आपापल्या बायकामुलांसह तेथे येऊन राहिले. उन्हाळा तोंडावर आलेला. डोक्यावर पक्के छप्पर नाही. मालक बेळगावात बंगल्यात राहतो आहे आणि माणसे माळावर निवडुंग तोडीत आहेत, असा प्रकार तेथे नव्हता. ऊन, विंचू आणि पाण्याची ओढ सर्वांच्या वाट्यास सारखीच आली. पुढे येथे जे वातावरण निर्माण झाले त्याचा पाया भाषणांनी घातला गेला नाही. तो या पहिल्या उन्हाळ्यात घातला गेला.

ज्या माणसांच्या बळावर ही वसाहत उभी राहिली त्यांची यादी मोठी गमतीची आहे. रामूअण्णांकडे वसाहतीची आखणी व देखरेख होती. शंभूराव जांभेकर यंत्रकामात निष्णात. मंगेशराव रेगे कारकून म्हणून आले आणि साऱ्या हिशेबाचे धनी झाले. के. के. कुलकर्णी यांचे काम काय हे एका शब्दात सांगणे कठीण, कारण ज्या कामाला दुसरा कोणी नाही ते त्यांचे. आणि अनंतराव फळणीकर, ज्यांनी शिक्षण अर्ध्यावर सोडले होते, ते येथे कल्पक यंत्रज्ञ म्हणून नावारूपास आले. पदव्यांच्या तराजूत घातली असती तर यांतील बहुतेकांना कोणत्याही मोठ्या कंपनीने दारात उभे केले नसते. मुंबईत बढती नाकारला गेलेला आरेखन-शिक्षक येथे माणसे निवडीत होता, हे विसरून चालणार नाही. त्याने ज्याच्या त्याच्या अंगचे नेमके कसब हेरले आणि ते काम त्याच्यावर पूर्णपणे सोपविले.

सोपविणे हा शब्द येथे महत्त्वाचा आहे, आणि तो समजण्यास ओतशाळेचे काम थोडे समजून घ्यावे लागेल. नांगराचे पुष्कळ भाग ओतीव लोखंडाचे असतात. प्रथम लाकडाचा नमुना करतात. तो ओलसर वाळूत दाबून काढला की त्याच्या आकाराची पोकळी राहते. भट्टीत वितळविलेले लोखंड त्या पोकळीत ओततात आणि निवल्यावर वाळू फोडून वस्तू बाहेर काढतात. ऐकावयास हे सोपे वाटते. पण वाळूत ओल जास्त राहिली तर तिची वाफ होऊन लोखंडात बुडबुडे अडकतात. साच्यातील कचरा झाडला नाही तर तो लोखंडात मिसळतो. लोखंड पुरेसे तापलेले नसताना घाईने ओतले तर पोकळीचे कोपरे भरत नाहीत. यांतील कित्येक दोष वरून दिसत नाहीत. वस्तू घासून, रंगवून चकचकीत केली की चांगली आणि वाईट यांत फरक उरत नाही. तो फरक कळतो तो थेट शेतात, फाळ दगडावर आदळून मोडतो तेव्हा. आणि तोवर नांगर ओतणारा माणूस शेकडो मैल दूर असतो.

म्हणजे ओतकाऱ्याने वाळू नीट चाळली की नाही हे त्या क्षणी त्याला एकट्यालाच ठाऊक असते. प्रत्येक साच्यापाशी एक मुकादम उभा करता येत नाही, आणि केला तरी त्या मुकादमावर कोणाला उभे करावयाचे? दंड आणि शिवीगाळ यांनी माणूस मुकादमाच्या नजरेसमोर काळजी घेतो. त्याची पाठ वळली की चुकवतो. शेतकऱ्याचा विश्वास टिकविण्यासाठी लक्ष्मणरावांना अशी माणसे हवी होती की जी कोणी पाहत नसतानाही वाळू चाळतील. अशी माणसे विकत मिळत नाहीत. ज्यास आपण विश्वासू समजून वागवतो तोच कालांतराने विश्वासू होतो, हे त्यांच्या कारभाराचे सूत्र दिसते. यात भाबडेपणा आहे असे कोणी म्हणेल. मला तर यात पक्का व्यवहार दिसतो, कारण शंका घेऊन चालविलेला कारखाना पाळतीच्या खर्चानेच बुडतो.

या सूत्राची सर्वांत कठीण परीक्षा वसाहतीच्या रखवालीत झाली. माळ एकाकी, भोवती चोरदरोड्यांची भीती, आणि कारखान्यात मोलाचा माल. लक्ष्मणरावांनी रात्रीच्या पहाऱ्यावर कोणास नेमावे? दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा भोगलेल्या दोघांना! तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग अशी त्यांची नावे त्या काळच्या चालीप्रमाणे जातीसकट नोंदली गेली आहेत. इंग्रज सरकारने १८७१ पासून गुन्हेगार जमातींचा कायदा करून माणसाच्या कपाळी जन्मतःच चोर असा शिक्का मारण्यास आरंभ केला होता. गावे अशांना थारा देत नसत आणि पोलीस त्यांची हजेरी घेत. त्याच माणसांच्या हाती लक्ष्मणरावांनी साऱ्या वसाहतीची रात्र सोपविली. ते दोघे विश्वासास उतरले.

ही हकीकत सांगताना लोक लक्ष्मणरावांच्या मनाच्या थोरवीचे कौतुक करतात, आणि ते योग्यच आहे. पण रामोशी हे पूर्वापार गावांचे आणि किल्ल्यांचे रखवालदारच होते, हेही ध्यानात ठेवावे. शिवकालापासून ज्यांनी गडांचा पहारा केला, त्यांची वतने आणि कामे इंग्रजी अमलात गेली आणि त्यांतील काहींवर आडवाटेला लागण्याची पाळी आली. लक्ष्मणरावांनी तुकारामास उपकार म्हणून भाकरी दिली नाही, तर त्यास येत असलेले काम त्याला परत दिले. पुढे १९३९ साली याच औंध संस्थानात आटपाडीजवळ कैद्यांची स्वतंत्रपूर ही कुंपणाविना मोकळी वसाहत निघाली, आणि त्या प्रयोगावरून व्ही. शांताराम यांनी १९५७ साली दो आँखें बारह हाथ हा चित्रपट काढला. तो चित्रपट अनेक घरांत आजही आवडीने पाहिला जातो, पण त्यापूर्वी कित्येक वर्षे त्याच संस्थानाच्या हद्दीत एका कारखानदाराने हा धडा गिरविलेला होता, हे थोड्यांनाच माहीत असते.

अस्पृश्यतेला लक्ष्मणरावांनी आपल्या वसाहतीत थारा दिला नाही. ज्या काळी शेजारच्या गावांतून पाणवठे जातवार वाटलेले होते, त्या काळी हा नियम करणे आणि पाळून घेणे सोपे नव्हते. ओतशाळेत एकाच भट्टीपाशी घाम गाळणाऱ्या माणसांनी संध्याकाळी एकमेकांची सावली टाळावी, हे त्यांच्या बुद्धीला पटण्यासारखेच नव्हते. निवडुंगाची बने तोडून तेथे घरे, रस्ते, झाडे आणि मुलांसाठी शाळा झाली. माळाला किर्लोस्करवाडी हे नाव पडले.

जगात असे प्रयत्न इतरत्रही झाले होते. स्कॉटलंडमधील न्यू लॅनार्क येथे रॉबर्ट ओवेन याने १८०० पासून आपल्या सूतगिरणीतील मजुरांसाठी चांगली घरे व शाळा काढल्या. इंग्लंडात कॅडबरी बंधूंनी बॉर्नव्हिल हे गाव वसविले. आपल्या देशात साकची येथे टाटांचे पोलादनगर याच सुमारास आकार घेत होते. परंतु टाटांपाशी मोठे भांडवल होते आणि ओवेनपाशी चालू गिरणी. किर्लोस्करवाडीचा आरंभ कर्जाच्या पैशातून आणि पंचवीस कुटुंबांच्या बळावर झाला.

अशा वसाहतीला दुसरी बाजूही असते, आणि ती झाकून ठेवण्याचे कारण नाही. जेथे नोकरी देणारा, घर देणारा आणि शाळा चालविणारा एकच असतो, तेथे कामगाराचे सारे आयुष्य त्या एकाच्या सद्बुद्धीवर अवलंबून राहते. मालक सज्जन असेतो ठीक. तो तसा नसला तर? हा प्रश्न कामगार चळवळीने पुढे जगभर विचारला, आणि तो योग्यच होता. किर्लोस्करवाडीचा कारभार वडीलकीचा होता. आज आपण कामगाराचे जे हक्क कायद्याने मान्य करतो, ते तेथे मालकाच्या ममतेतून मिळत होते. तथापि ज्या काळी मुंबईच्या गिरण्यांतील मजूर चाळींच्या अंधाऱ्या खोल्यांत दाटीवाटीने राहत होता, त्या काळाशी ताडून पाहिले असता वाडीचे वेगळेपण कमी होत नाही.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले आणि परदेशातून येणारे कच्चे लोखंड व दगडी कोळशाचा कोक दुर्मिळ झाला. ओतशाळेचा प्राणच गेला म्हणावयाचा. भट्टी बंद ठेवून माणसांना घरी पाठविणे हा सरळ मार्ग होता. लक्ष्मणराव व त्यांच्या सहकाऱ्यांनी लाकडी कोळशावर भट्टी चालविण्याचे प्रयोग केले, आणि लोखंडासाठी संस्थानिकांच्या किल्ल्यांवर गंजत पडलेल्या जुन्या तोफा मिळविल्या. त्या फोडून वितळविण्यात आल्या आणि त्यांचे नांगर झाले. ज्या धातूने कधी काळी माणसे मारली, त्याने हरळी उपटली. तोफांच्या लोखंडाचा कस नवा. त्याचे वितळणे आणि निवणे नेहमीच्या लोखंडाहून निराळे असणार, आणि ते समजून घेण्यास ओतशाळेतील प्रत्येक माणसाचे डोळे व हात लागले असणार. वरून हुकूम सोडून असली कामे होत नाहीत.

युद्ध संपल्यावर, १९२० च्या जानेवारीत, किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी किर्लोस्कर खबर नावाचे पत्र सुरू केले. कारखान्याच्या वार्ता व मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोहोचवावी, एवढाच त्याचा आरंभीचा हेतू. पण हे लहानसे पत्र वाढत वाढत किर्लोस्कर हे मराठीतील नामांकित मासिक झाले आणि त्यामागून १९३० मध्ये स्त्री व १९३४ मध्ये मनोहर ही मासिके निघाली. नांगराच्या कारखान्यातून साहित्याची तीन मासिके निघावीत, असे उदाहरण दुसरीकडे क्वचितच सापडेल. आपल्या माळव्यातील मराठी घरांच्या माळ्यांवर जुन्या ट्रंकांतून या मासिकांचे अंक अद्याप सापडतात.

पुढील पिढीचे शिक्षण लक्ष्मणरावांनी डोळसपणे केले. थोरले चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधून यंत्रविद्येची पदवी घेऊन १९२६ साली परतले. बरोबर गेलेले चुलतभाऊ माधव यांचा मात्र तिकडेच क्षयाने अंत झाला. तो घाव या कुटुंबाला सोसावा लागला. नांगर, चरक आणि हातपंप यांच्या जोडीला पाणी खेचणारे मोठे पंप आणि इंजिने आली, पोलादी फर्निचर आले. १९४१ साली हरिहरला यंत्रे बनविणारी कंपनी निघाली, आणि १९४६ साली पुण्यास तेल-इंजिनांची व बंगलोरला विजेच्या मोटारींची. ही वाढ प्रामुख्याने शंतनुराव व त्यांच्या सहकाऱ्यांची. लक्ष्मणरावांनी नव्या माणसांच्या हाती सूत्रे जाऊ दिली, हे त्यांचे कर्तृत्व मला नांगराइतकेच मोठे वाटते. स्वतः उभारलेल्या कामावरून हात काढून घेणे पुष्कळ थोरांना साधत नाही.

३० जानेवारी १९४८ रोजी महात्मा गांधींचा खून झाला. त्या भयंकर बातमीनंतर दक्षिण महाराष्ट्रात ब्राह्मणांच्या घरांवर व उद्योगांवर जमाव चालून गेले. त्या वणव्यात किर्लोस्करवाडीही सापडली. कारखान्यास आगी लावण्यात आल्या. ज्या माळावर जातिभेदाला मज्जाव होता, तेथेच जातीच्या नावाने जाळपोळ झाली. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या लक्ष्मणरावांच्या आयुष्यातील हा सर्वांत कडवट प्रसंग म्हणावा लागेल. ज्या भोवतालच्या शेतकऱ्यांसाठी नांगर केले, त्या मुलुखातच हे घडावे! आपण जन्मभर माणसांवर टाकलेला विश्वास चुकला, असे कोणी अशा वेळी म्हटले असते तर त्याला दोष देता आला नसता. वाडीतील लोकांनी जळके वासे बाजूला केले, यंत्रे साफ केली, आणि कारखाना पुन्हा सुरू झाला. वाडी सोडून जाण्याचा निर्णय झाला नाही. पूर्वीप्रमाणेच भोवतालच्या गावांतील माणसे तेथे कामास येत राहिली.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी लक्ष्मणराव निवर्तले. त्यांच्या जन्मशताब्दीच्या दिवशी, २० जून १९६९ रोजी, भारतीय टपाल खात्याने त्यांचे चित्र असलेले तिकीट काढले. कुंडल रोड हे स्टेशनाचे जुने नाव केव्हाच मागे पडले आहे. पुण्याहून मिरजेकडे जाणाऱ्या गाड्या आता तेथे थांबतात त्या किर्लोस्करवाडी या नावाच्या पाटीपुढे.